देवाचे वचन

कळमनुरी तालुक्यातील एका खेड्यात इंग्रजीची अध्यापकी करीत असताना एका मुलीच्या वहीतील एक अक्षर मी तांबड्या शाईने खोडले. ते खोडणे व्याकरणाच्या दृष्टीने सर्वस्वी न्याय्य होते. परंतु त्या निमित्ताने तिने जो प्रश्न विचारला त्याचे उत्तर मला त्या दिवशी देता आले नाही, आणि ती रुखरुख इतक्या वर्षांनंतरही मनातून गेलेली नाही. इयत्ता आठवीचा वर्ग होता. 'वुई आर ऑल चिल्ड्रन ऑफ गॉड' हे वाक्य मी तोंडी सांगितले होते आणि मुलांनी ते कानाने ऐकून वहीत उतरवायचे होते. त्या मुलीने 'चिल्ड्रन'च्या पुढे एक 'एस' जोडून 'चिल्ड्रन्स' असे लिहिले होते आणि खाली नेटक्या मराठीत अर्थ दिला होता, 'आपण सगळी देवाची लेकरे आहोत.' अनेकवचन म्हटले की 'एस' लावायचा, हा नियम आमच्या मुलांच्या अंगी इतका मुरलेला असतो की जो शब्द मुळातच अनेकवचनी आहे त्यालाही ती 'एस' लावून मोकळी होतात. आणि यात केवळ त्यांचाच दोष आहे असेही नाही, कारण इंग्रजांच्या पूर्वजांनीही हेच केले होते. 'चाइल्ड'चे एक जुने अनेकवचन त्यांच्याकडे होतेच. ते अपुरे वाटले म्हणून लोकांनी त्यावर अनेकवचनाचा आणखी एक प्रत्यय चढविला, आणि आजचा 'चिल्ड्रन' हा शब्द त्या दुहेरी अनेकवचनातून निपजला.

चूक सर्वांनाच समजावी म्हणून मी फळ्यावर दोन रकाने आखले. एकात 'मॅन' आणि 'मेन', 'फूट' आणि 'फीट', 'चाइल्ड' आणि 'चिल्ड्रन'. दुसऱ्यात मुलांच्याच तोंडून वदवून घेतलेले मराठी शब्द, घोडा आणि घोडे, नदी आणि नद्या, लेकरू आणि लेकरे. वाक्यात देव होता म्हणून शेवटी 'देव' लिहिला आणि त्याच्यासमोर, नियमाप्रमाणे, पुन्हा 'देव'च लिहिला. तेव्हा ती मुलगी उभी राहिली आणि आमच्या भागातल्या बोलीत म्हणाली, "सर, लेकरं लय झाले की शब्द बदलते, मंग देव लय झाले तर काऊन बदलत नाही?" मी तिला नियम सांगितला. आकारान्त नसलेल्या पुल्लिंगी नामाचे रूप अनेकवचनात बदलत नाही. देव तसाच दगड, डोंगर तसाच वाघ. नियम बरोबर होता, आणि ती खालीही बसली. परंतु तिने विचारले ते नियमापुरते नव्हते, हे मला घरी परतताना वाटेत उमगले.

एकाचे अनेक होतात म्हणजे नेमके काय होते, हा तो प्रश्न आहे. भाषेला तो रोज पडतो आणि प्रत्येक भाषा आपापल्या परीने तो सोडविते. इंग्रजीचा राजमार्ग बेरजेचा आहे: मूळ शब्दाला धक्का न लावता त्याच्या शेपटाला एक वर्ण जोडावयाचा. दुसरा मार्ग अरबीचा. आमचा मुलूख १९४८ सालच्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता, हिंगोलीचे सगळे कागद परभणी जिल्ह्याच्या दप्तरात जात, आणि माझे वडील तहसील कचेरीत अहलकार असल्यामुळे त्या दप्तरातले शब्द आमच्या घरात पाण्यासारखे खेळत असत. 'खबर' एक असते, अनेक झाल्या की 'अखबार' होतो. 'हाल'चे अनेकवचन 'अहवाल', 'तारीख'चे 'तवारीख', 'कायदा' या शब्दाचे जे अनेकवचन तेच आपण 'कवायत' म्हणून उचलले, आणि 'अफवा' हा शब्द तर मुळात 'तोंडे' अशा अर्थाचे अनेकवचन आहे, हे समजल्यावर त्या शब्दाचा अर्थ दुसऱ्या कोणी सांगावा लागत नाही. या शब्दांत शेवटी जोडलेले असे काहीच नाही. शब्दाच्या आतले स्वर विस्कटतात, व्यंजनांची मांडणी नवी होते, आणि म्हणून अरबी वैयाकरण अशा रूपाला 'भग्न बहुवचन' म्हणतात. एक मोडतो, तेव्हा अनेक होतात. इंग्रजीतले 'मॅन' आणि 'मेन', 'फूट' आणि 'फीट' हे शब्दही याच जातीचे. मुलांना ते अनियमित म्हणून शिकवावे लागतात, परंतु त्यांचीही एक प्राचीन रीत आहे. आणि तिसरा मार्ग आपल्या 'देव' या शब्दाचा: काही जोडावयाचे नाही, काही मोडावयाचे नाही, एक होता तेव्हा जसा होता, तसाच तो अनेक झाल्यावरही राहतो.

आपल्या दर्शनकारांनी सृष्टीच्या उत्पत्तीविषयी जे वाद मांडले ते या तीन मार्गांशी ताडून पाहिले असता मला नेहमी विस्मय वाटत आला आहे. न्याय आणि वैशेषिक यांचा आरंभवाद म्हणतो की परमाणूला परमाणू जोडला जाऊन पूर्वी नव्हते असे नवे कार्य उत्पन्न होते. सांख्यांचा परिणामवाद म्हणतो की मूळ प्रकृतीच आतून बदलत जाऊन या नाना रूपांना येते, जसे दुधाचे दही होते. आणि शांकर मताचा विवर्तवाद म्हणतो की मूळ वस्तूत कणमात्रही विकार न होता ती अनेक भासते, जशी अंधारात दोरी सर्प भासते. व्याकरणाच्या रूपांवरून तत्त्वज्ञान सिद्ध होत नाही हे मी जाणून आहे. तथापि माणसाचे मन एकाच कोड्याला भाषेत आणि दर्शनात सारख्याच वाटांनी सामोरे जाते, एवढे तरी यावरून दिसते. आपल्या ज्ञानदेवांनी 'अमृतानुभवा'त याच्याही पुढचे पाऊल टाकले. अनेकत्व हा अज्ञानाने पडलेला भास आहे असे म्हणण्यासाठी आधी अज्ञान म्हणून काही असावे लागते, आणि त्या अज्ञानाचेच त्यांनी तेथे विस्ताराने खंडन केले आहे. त्यांच्या लेखी हे अनेकत्व त्या एकाच चैतन्याचे स्वतःशी चाललेले उल्हसित खेळणे आहे. 'देव' शब्द अनेकवचनात बदलत नाही याला व्याकरणातले कारण काही असो, परंतु ज्या समाजाच्या कानावर हा विचार सातशे वर्षे कीर्तनांतून पडत आला, त्याला त्या न बदलण्याचे आश्चर्य वाटले नाही यात नवल नाही. आश्चर्य वाटले ते एका मुलीला, आणि तिचे आश्चर्यच खरे जिज्ञासेचे होते.

देव किती, हा प्रश्न तिच्या आधी फार मोठ्या सभेत विचारला गेलेला आहे. बृहदारण्यकोपनिषदात विदग्ध शाकल्य याज्ञवल्क्यांना हाच प्रश्न करतो. ते प्रथम उत्तर देतात, तीन हजार तीनशे सहा. शाकल्य ते मान्य करतो आणि तोच प्रश्न पुन्हा विचारतो. उत्तर येते, तेहतीस. मग सहा, मग तीन, मग दोन, मग दीड, आणि अखेर एक. तेहतिसांची मोजणीही ते देतात: आठ वसू, अकरा रुद्र, बारा आदित्य, इंद्र आणि प्रजापती. या संवादातले दोन विशेष मला फार मोलाचे वाटतात. पहिला असा की याज्ञवल्क्यांनी आधीचे कोणतेही उत्तर चुकीचे म्हणून मागे घेतलेले नाही. मोठ्या आकड्याला त्यांनी असत्य ठरविले नाही; ते देव या देवांचा महिमा आहेत, असे म्हणून तो आकडा त्यांनी लहान आकड्यात सामावून घेतला. दुसरा विशेष त्या दीडाचा. वाहणारा वारा हा दीड देव, असे ते सांगतात, आणि तेथे गणिताची खानेसुमारीच निकामी होते. कारण ज्याला सीमा आहे तेच मोजता येते आणि वाऱ्याला कुंपण घालता येत नाही. 'अद्वैत' या शब्दाच्या घडणीतही हीच दक्षता आहे. आचार्यांना 'एक' म्हणणे कठीण नव्हते, परंतु एक म्हटले की दोनची जागा मोकळी राहते. म्हणून त्यांनी आकडा सांगितला नाही, 'दोन नाही' एवढेच सांगितले.

इंग्रजीत हा प्रश्न पुष्कळसा लिपीनेच सोडविला आहे. गॉड हा शब्द मोठ्या अक्षराने आरंभला की तो एकच, त्याला अनेकवचन नाही. लहान अक्षराने आरंभला की तो परक्यांचा, आणि त्याला 'एस' लावता येतो. देवनागरीत मोठे अक्षर आणि लहान अक्षर असा भेद नाही. आपला देव कागदावर दगडाइतक्याच उंचीचा असतो. बायबलाच्या मूळ हिब्रू ग्रंथातली स्थिती तर याहून विचार करायला लावणारी आहे: तेथे ईश्वरवाचक 'एलोहीम' हा शब्द रूपाने अनेकवचनी आहे, आणि उत्पत्तीच्या अगदी पहिल्या वाक्यात त्याचे क्रियापद एकवचनी आहे. म्हणजे ज्या परंपरेने एकेश्वराचा आग्रह सर्वांत कडवेपणाने धरला, तिनेही ते एकत्व नामात शोधले नाही, क्रियापदात ठेवले.

आपल्या मराठीत याच्या नेमके उलट घडते, आणि ते प्रत्येकाच्या अंगवळणी इतके पडलेले आहे की लक्षातही येत नाही. 'नामदेव महाराज आले' असे आपण म्हणतो. महाराज एक, क्रियापद अनेकांचे. वडील आले, गुरुजी बसले, मामलेदार गेले. हे आदरार्थी बहुवचन म्हणजे मोठ्या माणसाभोवती आपण राखलेले अंतर आहे. परंतु त्याच माणसाच्या ओठी 'देव पावला', 'विठोबा उभा आहे', 'नागनाथा, तूच आता बघ' असे शब्द येतात. उत्सवाच्या मखरात गणपती येतात आणि बसतात हे खरे, परंतु मूल तापाने फणफणले असता रात्री उशाशी बसलेली माय 'देवा, आपण कृपा करावी' असे म्हणत नाही. ती 'तू' म्हणते. आदराचे अनेकवचन ज्याला मिळते त्याच्याहून ज्याला ते मिळत नाही तो जवळचा, आणि घरात हा मान आणखी एकाच व्यक्तीचा असतो. वडील 'आले', आई 'आली'. आपल्या लोकांनी देवाला आईचे व्याकरण दिले आहे. ज्या विठ्ठलाला विठाई म्हटले, त्याला अनेकवचन लावले असते तर तो राजा झाला असता; माय झाला नसता.

येथे मला ज्यांचे स्मरण होते ते पुरुष मराठी व्याकरणाच्या इतिहासात आणि धर्मचिंतनाच्या इतिहासात एकाच वेळी उभे आहेत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि पुढे लोकांनी त्यांना मराठीचे पाणिनी म्हटले. त्याच दादोबांनी १८४४ साली सुरतेस मानवधर्म सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला आणि १८४९ साली मुंबईत परमहंस मंडळी उभी राहिली ती त्यांच्याच प्रेरणेने. ईश्वर एक आहे आणि मनुष्यमात्राची जात एक आहे, ही दोन वचने त्यांनी एकमेकांपासून कधी सुटू दिली नाहीत. पहिले मानून दुसरे नाकारणारे लोक त्या काळी पुष्कळ होते, आजही आहेत. परंतु ज्याने आयुष्यभर कर्ता आणि क्रियापद यांचा वचनात मेळ पाहिला, त्याला एका देवाच्या लेकरांत अनेक जाती कशा पटाव्यात? मंडळीत येणाऱ्याला परधर्मीयाच्या हातचा पाव खावा लागे, पाणी प्यावे लागे. तत्त्व केवळ मान्य करून भागत नसे, ते गिळावे लागे. परंतु हे सारे बंद दाराआड चालत असे, आणि १८६० च्या सुमारास सभासदांची नावे बाहेर फुटताच ती मंडळी विखुरली. त्या माणसांच्या धैर्याला कमी लेखण्याचा अधिकार मला नाही. समाजाचा धाक केवढा होता हे मी माझ्या गावातही पाहिले आहे. एवढेच म्हणतो की त्यांचे नाम अचूक होते, आणि त्यांचे क्रियापद मात्र उघड्यावर उच्चारता येत नव्हते.

ते उघड्यावर उच्चारले गेल्याची एक साक्ष आमच्याच जिल्ह्यात दगडात उभी आहे. कयाधूच्या काठी नर्सी हे गाव आहे. १२७० साली तेथे नामदेवांचा जन्म झाला असे परंपरा मानते. तेथून जवळच औंढा नागनाथ, महाराष्ट्राच्या परंपरेतील पाच ज्योतिर्लिंगांपैकी एक. देवळाच्या यादवकालीन भिंतींवरची शिल्पे पाहत पाहत आत गेले की गाभारा समोर दिसत नाही. तो खाली, भूमीच्या पोटात आहे. अंग चोरून, मान लववून, अरुंद पायऱ्यांनी एकेकाने उतरावे लागते, आणि मागच्या माणसाचा श्वास मानेला लागत असतो. याच क्षेत्री विसोबा खेचरांनी नामदेवांची शंका फेडली असे सांगतात. शिवलिंगावर पाय ठेवून निजलेल्या त्या वृद्धाला नामदेवांनी दोष दिला, तेव्हा तो म्हणाला की जेथे देव नसेल तेथे माझे पाय नेऊन ठेव. आणि नामदेव पाय उचलून जेथे जेथे नेत तेथे तेथे पिंड प्रकट होई. त्या रात्री औंढ्यात पिंडी किती झाल्या? शंभर म्हटल्या तरी चालेल आणि एक म्हटली तरी चालेल. नामदेवांना कळले ते एवढेच की जेथे नाही अशी जागा नाही.

परंतु त्याच औंढ्याची दुसरी कथा मला अधिक मोठी वाटते. नामदेव देवळापुढे कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना तेथून उठविले आणि मागल्या बाजूस जावयास सांगितले. ते मागे जाऊन नाम घेऊ लागले, आणि देऊळच फिरून त्यांच्या सन्मुख झाले. शंकराच्या देवळात नंदी पुढे असतो. औंढ्यात तो आजही देवळाच्या पाठीशी आहे, आणि यात्रेकरू आपल्या लेकरांना बोट करून तो दाखवितात. ही केवळ स्थानिक दंतकथा म्हणून बाजूस सारता येत नाही, कारण शिखांच्या गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची जी ६१ पदे आदराने जतन केलेली आहेत, त्यांतल्या एका पदात हाच प्रसंग येतो: हीन जातीचा म्हणून भक्ताला देवळातून उठविले आणि देऊळ भक्ताकडे फिरले. देव एक आहे हे त्या पुजाऱ्यांनाही मान्यच होते. नामात कोणाचा वाद नव्हता. वाद क्रियेत होता, आणि क्रियेत देवाने आपली बाजू घेतली, असे सांगण्याचे धाडस या कथेने केले आहे.

तरी कथेत जे देवळाने केले ते आपण करावयास फार वेळ लावला. नामदेवांच्याच मेळ्यातला चोखामेळा पंढरीच्या महाद्वाराबाहेर राहिला. त्याच्या अस्थी नामदेवांनी मंगळवेढ्याहून आणून त्याच दारापाशी ठेवल्या असे सांगतात, आणि ते दार त्याच्या जातबांधवांना उघडावे म्हणून १९४७ सालच्या मे महिन्यात साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. सहा शतके 'विठोबा एक आहे' हे वाक्य रोज गायिले गेले, आणि रोज त्याचे क्रियापद चुकत राहिले.

आज कोणी त्या मुलीचा प्रश्न मला पुन्हा विचारील, तर मी फळ्याकडे बोट करून म्हणेन: बाई, 'देव' हा शब्द बदलत नाही, आणि म्हणून देव एक की अनेक हे त्या शब्दाकडे पाहून कधी कळावयाचे नाही. 'देव आला' आणि 'देव आले' यांत फरक दिसतो तो पुढच्या शब्दात, म्हणजे क्रियापदात. दुसरा दिसतो तो नात्यात: 'देवाची लेकरे' आणि 'देवांची लेकरे' यांत अंतर आहे ते एका अनुस्वाराचे, एका ठिपक्याचे. तू तो ठिपका दिला नाहीस, हे तुझ्या वहीतले सर्वांत अचूक स्थळ होते, आणि मी मात्र तुझा 'एस' तेवढा पाहिला. एकादशीला नर्सीच्या वाटेवर दिंडी थांबते, तेव्हा मागून कोणी विणेकरी साद घालतो, "चला माउली!" त्या सादेत पुढे चालणारे दोनशे लोक असतात, तरी 'माउल्या' असे कोणी म्हणत नाही. दोनशे जणांना मिळून एकच शब्द पुरतो, आणि त्याला प्रत्येक जण आपापली ओ देतो.

व्याकरणात ज्याला 'वचन' म्हणतात, त्याच शब्दाने आपण दिलेल्या शब्दालाही वचन म्हणतो. देवाचे वचन एक आहे असे आपण पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो. ते देवाविषयीचे विधान म्हणून म्हटले असेल तर याज्ञवल्क्यांपुढे ते टिकावयाचे नाही. परंतु ते आपण त्याच्या लेकरांना दिलेले वचन म्हणून म्हटले असेल, तर ते पाळले गेले की नाही हे पाहावयास व्याकरणाचे पुस्तक उघडावे लागत नाही. गावात पाणवठा कोणाचा, दार कोणाला उघडते आणि पंगतीत कोण कोणाशेजारी बसतो, एवढे पाहिले की पुरे.